सहा छेद आठ: बरोबर की चूक?

(ही या भागाची वाचायची आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलं आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी कळवलं की नुसतं ऐकून आकडे डोक्यात राहत नाहीत. म्हणून यावेळी उदाहरणं लिहून दिली आहेत.)

आजचा विषय आहे अपूर्णांक. ऐकल्या ऐकल्या निम्म्यांचा अंगठा स्क्रीनवर सरकला असेल, मला माहीत आहे. पण जरा थांबा. आज अपूर्णांक सोडवायचे नाहीयेत. फोनवर एखादी टेस्ट दिली, बटण दाबलं आणि लगेच ‘चूक’ असा लाल शेरा आला, असं तुमच्यापैकी बहुतेकांना झालंय. तो शेरा कोण मारतं आणि कशाच्या जोरावर मारतं, ते आज बघू. कारण गेल्या वर्षी तो शेरा मारणारं यंत्र मी स्वतः बनवलं होतं, आणि त्याने सातवीतल्या एका मुलीवर चक्क अन्याय केला.

तर झालं असं. रविवारी संध्याकाळी मी आमच्या भागातल्या सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवतो. फी वगैरे काही नाही, एक खोली, एक फळा आणि तेवीस मुलं. अपूर्णांकांचा धडा संपल्यावर मी दहा प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म बनवला आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकली. वर सूचना लिहिली, ‘उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा.’ तपासायला मागे माझीच छोटी स्क्रिप्ट होती. गुण आले की त्यावरून दोन गट पाडायचे होते. एका गटाला पुढचा धडा, दुसऱ्या गटाला पुन्हा अपूर्णांक.

सोमवारी रात्री एका वडिलांचा फोन. “सर, आमच्या हिला दहापैकी चार? ती जेवलीसुद्धा नाहीये.” मी नेहमीचं बोललो, होतं असं, सराव कमी पडला असेल वगैरे. पुढच्या रविवारी ती मुलगी वही घेऊन आली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. “दादा, तुम्हीच बघा.” बघितलं. दहाच्या दहा उत्तरांची किंमत बरोबर होती. एका ठिकाणी फक्त ६/८ लिहून सोडलं होतं, ३/४ केलं नव्हतं. बस, एवढंच.

मग सहा उत्तरं चुकीची कशी ठरली? एक ते ६/८ वालं. उरलेल्या पाचांची उत्तरं एकापेक्षा मोठी होती आणि ती तिने पुस्तकात असतात तशी पूर्णांकयुक्त अपूर्णांकात लिहिली होती: १ १/२, २ ३/४ अशी. एक, मग मोकळी जागा, मग एक छेद दोन. आणि माझी स्क्रिप्ट सगळ्यात आधी काय करत होती? मुलं उगाच स्पेस देतात म्हणून सगळ्या मोकळ्या जागा पुसून टाकत होती. १ १/२ मधली जागा पुसा बघू. उरतं ११/२. अकरा छेद दोन, म्हणजे साडेपाच! पोरीने दीड लिहिलं आणि मी साडेपाच वाचलं. वर पुन्हा तिलाच नापास केलं.

त्या रात्री मी सगळ्या तेवीस मुलांची उत्तरं हाताने तपासली. नऊ मुलं चुकीच्या गटात बसली होती. नऊ!

तर आता मुद्द्याकडे येऊ. ‘उत्तर ३/४’ एवढं यंत्राला सांगणं इतकं अवघड का असतं?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वापरला जाणारा मार्ग म्हणजे अक्षराला अक्षर जुळवणं. गूगल फॉर्मच्या क्विझमध्ये छोट्या उत्तराच्या प्रश्नाला तुम्ही बरोबर उत्तरांची यादी देता, आणि मुलाने लिहिलेलं त्या यादीशी जुळलं की गुण. इथे फॉर्मला गणित येत नसतं. त्याच्या दृष्टीने ३/४ म्हणजे तीन चिन्हांची माळ, जशी ‘आई’ ही दोन अक्षरं. ३ / ४ असं ऐसपैस लिहिलं की माळ बदलली. तुम्ही यादीत चार-पाच तऱ्हा घालून ठेवाल, पण मुलं सहावी तऱ्हा शोधून काढतात. त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे उत्तराचं दशांश रूप काढून किमतीची तुलना करणं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ३/४ म्हणजे ०.७५, मुलाने ६/८ लिहिलं तरी ०.७५, म्हणजे बरोबर. पण १/३ आला की गडबड. ०.३३३३ पुढे संपतच नाही, आणि संगणक ते कुठेतरी तोडतो. म्हणून लोक थोडी सूट ठेवतात, उदाहरणार्थ ०.०१ इतका फरक चालेल. आता बघा, उत्तर ५/७ आहे, म्हणजे सुमारे ०.७१४. मुलाने लिहिलं १२/१७, म्हणजे सुमारे ०.७०६. फरक ०.०१ पेक्षा कमी. यंत्र म्हणतं, शाब्बास! अपूर्णांकात ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतं, आणि दशांशाच्या वाटेने गेलं की नेमकं तेच आत शिरतं. शिवाय मूळ प्रश्न तसाच राहतो: ६/८ आणि ३/४ दोन्ही ०.७५ च, मग संक्षिप्त रूप तपासणार कशावरून?

खरं तर आपण एका दमात दोन प्रश्न विचारत असतो, आणि गोंधळ तिथे आहे. पहिला, किंमत बरोबर आहे का? दुसरा, रूप बरोबर आहे का? हे दोन वेगळे केले की निम्मं काम सोपं होतं.

किमतीसाठी शाळेतलाच तिरकस गुणाकार. ६/८ आणि ३/४ सारखे आहेत का? सहा चोक चोवीस, आठ त्रिक चोवीस. सारखे. दशांश नाही, सूट नाही, सगळे पूर्णांक. ५/७ आणि १२/१७ घ्या: ५ × १७ = ८५, ७ × १२ = ८४. एकाचा फरक आहे, पण फरक तो फरकच. पकडला गेला.

रूपासाठी मसावि, महत्तम सामाईक विभाजक. अंश आणि छेदाचा मसावि १ आला तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे. मसावि काढायला अवयव पाडत बसायची गरज नाही. युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सातव्या पुस्तकात, इसवी सनाच्या सुमारे तीनशे वर्षं आधी, जी रीत दिली तीच आजही तुमच्या फोनमध्ये चालते. ५१/६८ घ्या. ६८ ला ५१ ने भागा, बाकी १७. आता ५१ ला १७ ने भागा, बाकी शून्य. संपलं, मसावि १७. दोघांना १७ ने भागलं की ३/४. दोन पायऱ्यांत काम झालं. (आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात, इ.स. ४९९ मध्ये, जो कुट्टक आहे त्याच्या पोटातही हीच पुन्हा पुन्हा भागत जायची युक्ती आहे, जरी तो सोडवतो वेगळा प्रश्न.) गूगल शीटमध्ये आणि एक्सेलमध्ये तर मसाविचं तयार सूत्रच आहे, जीसीडी नावाचं.

इथे एखादा चाणाक्ष श्रोता विचारेल, अरे, मला उत्तर ३/४ माहीतच आहे, तर अंश ३ आहे का आणि छेद ४ आहे का एवढंच बघू की, मसावि हवा कशाला? बरोबर आहे. एकच ठरलेला प्रश्न असेल तर नकोच. पण दर मुलाला वेगळे आकडे द्यायचे असतील, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिता येऊ नये म्हणून, तर उत्तर आधी यंत्रालाच काढावं लागतं, आणि तिथे मसावि लागतोच. आणि ६/८ लिहिणाऱ्याला ‘किंमत बरोबर, रूप राहिलं’ असं सांगायचं असेल तर दोन्ही तपासण्या वेगवेगळ्याच हव्यात. ‘चूक’ हा शब्द ६/८ ला आणि ७/१२ ला सारखाच लावणं मला आता पटत नाही.

असो. हे झालं गणित. पण माझी चूक गणितात नव्हतीच, वाचण्यात होती. खरी डोकेदुखी तिथे आहे, म्हणून त्यावर जरा वेळ घालवतो.

मुलं फोनवर काय काय लिहितात? माझ्या तेवीस जणांकडून आलेला माल सांगतो. कुणी ३/४ इंग्रजी अंकांत. कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत. कुणी भागाकाराचं चिन्ह टाकून. कुणी ०.७५. एकाने ‘पाऊण’ लिहिलं होतं, आणि खरं सांगू, मला त्याला जास्तीचे दोन गुण द्यावेसे वाटले. आपल्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली, त्यांच्या लेखी पाऊण ही संख्याच आहे, तीन छेद चार हे तिचं सरकारी नाव.

देवनागरी अंकांची तर मजाच आहे. पायथॉन नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेला तुम्ही देवनागरी ‘३’ दिला आणि म्हणालात याची संख्या कर, तर ती मुकाट्याने तीन करते. जावास्क्रिप्टला तोच ‘३’ दिला तर ती म्हणते, ही संख्याच नाही. आणि गूगल शीटच्या मागे चालणारी ॲप्स स्क्रिप्ट जावास्क्रिप्टवरच बेतलेली आहे. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाने आपल्या वहीत लिहितो तेच अंक लिहिले तर त्याला शून्य, आणि का शून्य ते कुणालाच कळणार नाही. उपाय दहा ओळींचासुद्धा नाही, शून्य ते नऊ हे दहा अंक आधी बदलून घ्यायचे. पण तो सुचायला हवा ना! बनवणारा इंग्रजी कीबोर्डवर बनवतो आणि इंग्रजी कीबोर्डवरच तपासून बघतो.

मग ते ½ असं एकत्र जोडलेलं चिन्ह. बऱ्याच फोनांवर १ हे बटण दाबून धरलं की ते येतं. मुलांना ते फार आवडतं, पुस्तकात छापल्यासारखं दिसतं म्हणून. यंत्राच्या दृष्टीने ते एकच अक्षर आहे, त्यात अंश नाही, छेद नाही, रेघ नाही. त्याचे तुकडे करायची युनिकोडची एक प्रमाण पद्धत आहे. पण ती १½ वर चालवून बघा: पुढचा १ आणि तुकड्यातला १ शेजारी येतात आणि पुन्हा तेच, अकरा छेद दोन! शिवाय त्यातली रेघ ही आपली नेहमीची तिरपी रेघ नसतेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी असते. म्हणजे मी जी चूक स्पेस पुसून केली, ती न पुसताही करता येते.

आणि शीटवाल्यांसाठी एक खास खड्डा. शीटच्या रकान्यात ३/४ टाइप करा. ती तारीख होते! एक तर तीन एप्रिल नाहीतर चार मार्च, तुमचं शीट कुठल्या देशाच्या पद्धतीवर लावलंय त्यावर. हसू नका, या सवयीने मोठमोठ्यांना रडवलंय. मानवी जनुकांमध्ये काहींची छोटी नावं ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा धाटणीची होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. तेव्हा उत्तरांचा रकाना आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवायचा. आधीच. नंतर केलं तर तारीख होऊन बसलेली असते.

मग आता माझी स्क्रिप्ट काय करते? अंक बदलून घेते. पुढची-मागची जागा काढते. रेघेच्या दोन्ही बाजूंची जागा काढते, पण दोन अंकांमधली जागा ठेवते, कारण त्या जागेला अर्थ आहे. मग बघते की समोरचं चार ठरलेल्या आकारांपैकी कुठलं आहे: नुसता पूर्णांक, साधा अपूर्णांक, पूर्णांकयुक्त अपूर्णांक, की दशांश. छेद शून्य असेल तर तिथेच थांबवते, नाहीतर स्क्रिप्टच कोसळते. वजाचं चिन्ह वर असो की खाली, ३/४ ला मागून लावलेलं असो, एकाच जागी आणते. आणि उत्तर ३ असताना कुणी ३/१ लिहिलं तर वाद घालत नाही.

यापैकी काहीच जुळलं नाही तर? हा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तेव्हा ‘चूक’ म्हणायचं नाही. ‘मला हे वाचता आलं नाही, असं लिही: ३/४ किंवा १ १/२’, इतकंच सांगायचं आणि गुण न कापता पुन्हा संधी द्यायची. वाचता न येणं हा यंत्राचा दोष, मुलाचा नाही. वर्गात एखाद्याचं अक्षर लागलं नाही तर आपण त्याला बोलावून विचारतोच की. गूगल फॉर्मवरही याची सोय आहे. उत्तर ठरावीक साच्यात नसेल तर फॉर्म पुढे पाठवूच द्यायचा नाही, अशी अट छोट्या उत्तराला लावता येते. फक्त त्या अटीसोबतचा संदेश नीट मराठीत लिहा.

काहीजण म्हणतात, मग दोन वेगळे चौकोन द्या ना, वर अंश, खाली छेद. चांगली युक्ती आहे, आणि फोनवर तर आणखी चांगली, कारण नुसत्या अंकांच्या कीपॅडवर कधी कधी तिरपी रेघच नसते. पण त्यात दोन भानगडी. एक, उत्तर अपूर्णांक आहे हे आधीच कळतं. ज्याचं उत्तर ३ येतं तिथे पोरगं खालच्या चौकोनाकडे बघत बसतं. दोन, साध्या फॉर्ममध्ये हे दोन स्वतंत्र प्रश्न होतात आणि दोघांना वेगवेगळे गुण मिळतात. उत्तर ३/४ असताना ३/५ लिहिणाऱ्याला अर्धे गुण आणि ६/८ वाल्याला शून्य! कुणाला जास्त कळलंय ते तुम्हीच सांगा.

चार पर्यायांतून निवडायला लावणं हा तर मला पळपुटेपणा वाटतो. ‘अतिसंक्षिप्त रूप कोणतं’ म्हणून चार पर्याय दिले की मूल मूळ अपूर्णांकाकडे बघतच नाही, चारांपैकी कशाला आणखी भाग जात नाही एवढंच बघतं.

बरं, आता प्रश्न बनवायची बाजू. मी सुरुवातीला काय केलं, तर यंत्राला म्हटलं, कुठलेही दोन आकडे घे, अपूर्णांक बनव, संक्षिप्त रूप विचार. आणि बघतो तर निम्म्याहून जास्त प्रश्नांत करण्यासारखं काहीच नाही! ७/१५ द्या आणि विचारा संक्षिप्त रूप. तेच तर आहे.

हा योगायोग नव्हता. मोठ्या पल्ल्यातून कुठल्याही दोन संख्या उचलल्या तर त्यांचा मसावि १ असण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के असते. का, ते रिक्षात बसल्या बसल्या समजेल इतकं सोपं आहे. दोन्ही संख्यांना २ ने भाग जाण्याची शक्यता १/४. म्हणजे तसं न होण्याची ३/४. तीनसाठी न होण्याची ८/९. पाचसाठी २४/२५. असं प्रत्येक मूळ संख्येसाठी लिहीत जा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. उत्तर सरकत सरकत ०.६०७९ पाशी येतं, आणि नेमकं सांगायचं तर ते सहा भागिले पायचा वर्ग इतकं असतं. इथे वर्तुळाचा पाय कुठून टपकला, तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.

म्हणून प्रश्न उलटा बनवायचा. आधी उत्तर ठरवा, उदाहरणार्थ ३/४. मग वर-खाली एकाच संख्येने गुणा. ती संख्या कुठली घ्यायची यात शिक्षकाचं कसब आहे. २ ने गुणलंत तर ६/८, सगळ्यांना येतं. १२ ने गुणलंत तर ३६/४८. आता कळतं कोण कुठे थांबतं: कुणी १८/२४ वर, कुणी ९/१२ वर, कुणी शेवटपर्यंत जातं. १७ ने गुणलंत तर ५१/६८, आणि इथे ‘दोनने जात नाही, पाचने जात नाही, म्हणजे झालं’ असं म्हणणारे सापडतात. तिन्ही प्रश्नांचं उत्तर ३/४ च, पण तिघांचं काम वेगळं.

बेरजेचे प्रश्न असतील तर १/६ + १/३ सारखे घ्या. बेरीज ३/६ येते, मग १/२ करावं लागतं. आणि इथे यंत्राला एक आणखी गोष्ट शिकवता येते. बरीच मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात: २/९. ते उत्तर आलं की नुसतं ‘चूक’ न म्हणता, ‘छेद सारखे करून घेतलेस का?’ असं विचारता येतं. या चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर चुकून येईल ही भीतीही नाही. धन अपूर्णांकांत असं मिळवलेलं उत्तर कायम त्या दोघांच्या मधेच पडतं, आणि खरी बेरीज दोघांपेक्षा मोठी असते.

आणि प्रश्नातच स्पष्ट लिहा की काय हवंय. ‘अतिसंक्षिप्त रूपात’ एवढं पुरत नाही. ३/२ चालेल की १ १/२ च हवं? दोन्ही अतिसंक्षिप्तच आहेत. एक अंशाधिक आहे, दुसरा पूर्णांकयुक्त. मी आता दोन्ही घेतो. आणि धडा संक्षिप्त रूपाचा नसेल, म्हणजे शाब्दिक उदाहरणात शेवटी ६/८ लिटर दूध आलं, तर मी ६/८ ला पूर्ण गुण देतो. दूध तेवढंच आहे!

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर तयार साधनं आहेत, आणि फुकट आहेत. न्यूकॅसल विद्यापीठाचं ‘नंबास’ आहे. त्यात अपूर्णांक संक्षिप्तच हवा अशी खूण करता येते आणि नसेल तर किती टक्के गुण द्यायचे तेही ठरवता येतं. मूडल वापरणाऱ्यांसाठी ‘स्टॅक’ आहे. ख्रिस सँगविन यांनी ते सुरू केलं आणि त्याच्या मागे ‘मॅक्सिमा’ ही बीजगणित करणारी प्रणाली चालते. त्यात ‘किंमत सारखी आहे का’ आणि ‘अतिसंक्षिप्त आहे का’ या दोन वेगळ्या तपासण्या नाव घेऊन निवडता येतात, आणि वाचता न आलेल्या उत्तराला ते गुण कापत नाही. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू झालेलं ‘वेबवर्क’ आहे, डेव्हिड लिपमन यांचं ‘मायओपनमॅथ’ आहे. शिकायला एखादा शनिवार-रविवार जाईल. माझा तर स्वतःची स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात त्यापेक्षा जास्त वेळ गेला, हे कबूल करतो.

आता त्या मुलीचं. मी रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, आणि फळ्यावर ११/२ लिहून दाखवलं. पोरं अशी हसली की विचारू नका. तिचे गुण दहापैकी साडेनऊ केले. ६/८ चा अर्धा कापला, ते तिला मान्य होतं. “तो बरोबर कापलाय, दादा,” म्हणाली. वडिलांना मी स्वतः फोन केला.

दोन आठवड्यांनी नवीन स्क्रिप्टवर पुन्हा टेस्ट घेतली. दहापैकी दहा. तरी ती वही घेऊन आलीच. म्हणाली, “दादा, तुमच्या सातव्या प्रश्नात गडबड आहे.” सातवा प्रश्न होता १६/६४. तिने वरचा सहा खोडला, खालचा सहा खोडला, उरलं १/४. “शेजारच्या मुलाने असं केलं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. हे असं चालतं का?”

नाही चालत. पण उत्तर बरोबर येतं! मसावि १६ आहे, खरं संक्षिप्त रूप १/४ च आहे, आणि अंक खोडण्याची ही भलती रीत इथे योगायोगाने तिथेच पोचते. यंत्राला फक्त शेवटचं उत्तर दिसतं, आणि या ठिकाणी माझ्या सगळ्या तपासण्या आंधळ्या होत्या. मी तो प्रश्न काढून टाकला. वर आणि खाली दोन अंकी संख्या, आणि अपूर्णांक एकापेक्षा लहान, यात असे फक्त चारच आहेत. मी तिला एवढंच सांगितलं की अजून तीन आहेत, शोध.

बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आला. वहीचं पान, खोडाखोड, आणि खाली गोल करून २६/६५. उरलेले दोन ती अजून शोधतेय, त्यामुळे मी इथेही सांगणार नाही. तुम्हाला सापडले तर मला पाठवा, तिला नको.

चला, पुढच्या भागात भेटू.